अर्धी भिंत

प्रिय ठकू,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच ओरडशील आणि माझं सांगणं राहून जाईल. तू पाठवलेले दोन्ही इटालियन सिनेमे आम्ही बघितले. खालच्या ओळी वाचता वाचता ह्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, पण जागचे हलले नाहीत. दोन्हींतली गरिबी ताडून बघा आणि आपलं घर कुठल्यासारखं होतं ते सांगा, म्हणालीस. पुढच्या आठवड्यात तू इथे कॅमेरा घेऊन येणार, आपल्या खोलीवर सिनेमा करणार. माझ्या इस्त्रीच्या टेबलामागच्या, कोळशाच्या धुराने काळ्या झालेल्या त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, तुझा सिनेमा तिच्यावरच उभा आहे, असंही बजावलंस. अगं, आम्ही काय परीक्षक आहोत? पण तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही बघ.

जुन्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमातला तो बाप दिवसभर काम शोधत फिरतो आणि कुणाला एक वाकडा शब्द बोलत नाही. मी डोळे पुसतेय, आणि हे म्हणतात कसे, दिग्दर्शक चुकला, उपाशी माणसाच्या कोटाला इस्त्री कशी? अशी तापले मी! जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले, ते काय उगाच? तुझा शाळेचा फ्रॉक विरून जाळी झाला होता, पण त्याची घडी कधी मोडली होती का? तो कोट त्याच्या बायकोने जीव ओतून इस्त्री केलाय, हे मला बघताक्षणी कळलं. मला खटकलं ते निराळंच. त्या घरात कुणी हसतच नाही गं.

दुसरा, रंगीत, त्याच्या अगदी उलटा. एका खोलीत ही एवढी माणसं, एका पांघरुणावरून हमरीतुमरी, आणि म्हातारी सासू जावयाला चपलेने बडवतेय. हसून हसून पोट दुखलं. ह्यांना आपला आरसा आठवला. तळहाताएवढा तो आरसा, तुला वेणी घालायची, ह्यांना दाढी करायची, रोजची मारामारी. एकदा तू आरसा घेऊन पळालीस आणि हे अर्धी मिशी तशीच घेऊन आपल्या किल्ल्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं किल्ली करायला यायची आणि मिशी बघून किल्ली विसरायची! पण त्या सिनेमातही कुणी कुणाचं नाही, नुसते एकमेकांचे लचके तोडतात. एकात गरीब म्हणजे देवमाणूस, दुसऱ्यात जनावर. आपण दोन्ही नव्हतो. आपण कडाकडा भांडायचो, आणि कुणी येणार म्हटलं की भांडण तिथेच टाकून झाडू हातात घ्यायचो.

आता खरं काय ते सांगते. ओरडू नकोस. काल बाजारातून आले, तर हे स्टुलावर उभे, हातात ब्रश, आणि ती काळी भिंत अर्धी पोपटी! मोठमोठी माणसं कॅमेरा घेऊन येणार आणि भिंत ही असली, आपल्या ठकूची मान खाली जाईल, म्हणे. मी आधी कपाळावर हात मारला, मग मला हसूच आवरेना. पण ते बिचारे पोरीचा सिनेमा बुडवला म्हणून तोंड पाडून बसलेत, जेवलेसुद्धा नाहीत धड. ठकू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ती भिंत आहे बघ. कुणी येणार म्हटल्यावर आपल्या घरात जी धांदल उडते, ती त्या दोन्ही सिनेमांत नाही. ती तू दाखव. उरलेली अर्धी भिंत मी राखून ठेवलीय, ब्रश भिजत घातलाय. तू आलीस की तुझ्या कॅमेऱ्यासमोरच रंगवू दे त्यांना. फक्त पत्र मिळाल्याबरोबर त्यांना एक फोन कर आणि रंग छान निवडलात म्हण. कालपासून फोन मांडीवर घेऊन बसलेत.

तुझीच,
आई