शालिनीच्या पाण्याची चव

२ फेब्रुवारी, सोमवार
शालिनी वसंत नाचणेकर, तुझ्या पश्चात आज प्रथमच गोडदेवचा तुझा पाण्याचा गाळा उघडला. खारे पाणी गोडे करणारे यंत्र सुरू करून थोडा वेळ पाणी खेळवले. आतली गाळणी, ते मेंब्रेन, एकदा भिजले की पुन्हा कोरडे पडू द्यायचे नसते, हे तुझेच वाक्य.
बोअरिंगच्या पाण्याची एक बारीक नळी शुद्ध पाण्याच्या नळीला येऊन मिळते, हे आज ध्यानात आले. तिचा कॉक किंचित उघडा होता. शुद्ध केलेल्यात पुन्हा खारे मिसळणे पटले नाही. बंद केला.
गाळ्याचे मालक जयंतीभाई आले. "काका, महिनाअखेर खाली करून द्या हां. भाभीकडे बघून इतके दिवस काय बोललो नाही." यंत्राचे काय करू, विचारले. "भंगारवाल्याला फोन लावू?"
नको म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार
समुद्रकाठच्या पाली गावच्या मार्सेलीनबाई आल्या. खानावळीसाठी वर्षानुवर्षे तुझ्याकडूनच जार नेत. दारातच रडल्या. मी खुर्ची पुढे केली.
त्यांना यंत्र पालीला न्यायचे आहे. तिथली विहीर मचूळ. म्हणजे ते मोडीत न जाता चालत राहील, कुणाची तहान… फार बरे वाटले. एक जार भरून दिला.

८ फेब्रुवारी, रविवार
जार परत आला.
"काका, हा पानी वैनीचा न्हाय. पानी पन धुवून काढलाव काय तुमी?"
हे अधिक शुद्ध आहे, असे मी सांगितले.
"आसंल. पन माजी गिऱ्हाइका ताटावरून उठतील. असाच पानी येनार तर मशीन नको मना."
गेल्या. जयंतीभाई बाहेरून ऐकत होते. भंगारवाल्याचा नंबर न मागता देऊन गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार
दिवसभर घरीच. तू मेंब्रेन कसे समजावले होतेस ते आठवत राहिलो. अळूवड्या करत होतीस. पानावर पीठ, त्यावर पान, मग गुंडाळी. "हा उंडा आहे ना, तसंच ते. पदरावर पदर, मध्ये भोकाभोकांची नळी. पाणी पदरांतून झिरपत मधे येतं. मीठ बाहेरच राहतं, उरलेल्या पाण्याबरोबर वाहून जातं."
मग ते आपण होऊन का झिरपत नाही, असे मी विचारले होते.
"कैरीला मीठ लावलं की काय होतं? पाणी मिठाकडे धावतं. ती त्याची खोडच. आपण पंपाने रेटून त्याला उलटं चालवतो." आणि माझ्याकडे पाहून, पीठ लागलेल्या हातानेच, "काही माणसांनाही रेटावं लागतं."
आपण भाईंदरला नवीन आलो तेव्हा मिठागरांच्या कडेने फिरायला जायचो. बोअरिंगचे पाणी तोंडात धरवत नसे. चहासुद्धा खारट. तू हसत प्यायचीस. बी.एस्सी. केमिस्ट्रीचे काहीतरी करीन म्हणायचीस.

१४ फेब्रुवारी, शनिवार
तो कॉक!
आंघोळ करताना उमगले. तू वाटीत पाणी घेऊन, डोळे मिटून घोट घ्यायचीस, मग कॉकला बोट लावायचीस. पुन्हा घोट. मेंब्रेन मिठाबरोबर पाण्याची चवही नेते. म्हणून वाळूतून, कोळशातून आलेले थोडे बोअरिंगचे पाणी परत मिसळून, सगळे जंतू मारणाऱ्या दिव्याखालून नेत होतीस. कॉक उघडा राहणे ही चूक नव्हती, तो तुझा हात होता.
दुपारी जाऊन कॉक उघडला. चाखले. थोडा फिरवला. चाखले. मला काही कळेना. इतकी वर्षे तेच पाणी प्यायलो आणि त्याची चव सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मार्सेलीनबाईंना विनंती करून बोलावले. वाटी त्यांच्या हाती, कॉक माझ्या.
"मिठागर!"
बंद केला थोडा.
"जास्त झाला. उघडा. इतका न्हाय वो, काका, जरासा!"
जयंतीभाई दारात. "काय चाललंय, लग्नाची बासुंदी?"
"तुमाला न्हाय मिलनार," बाई म्हणाल्या. पुढचा घोट घेतला. पदर डोळ्यांना.
मीही प्यायलो. होय. मला सांगता आले नसते, पण होय.
यंत्र नेणार म्हणाल्या. कॉक जिथे होता तिथे मी तेलरंगाने खूण केली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
खूण निरुपयोगी आहे. रात्री लक्षात आले. पालीची विहीर वेगळी, तिचा खारेपणा वेगळा. कॉक तिथे नव्याने लावावा लागणार. ही चव या गाळ्यातल्या पाण्याची होती. यंत्राबरोबर ती जाणार नाही.
बाईंना फोनवर हे स्पष्ट सांगितले. न सांगता देणे योग्य नव्हते. त्या म्हणाल्या, "तर तुमी येवाला लागल. वैनीचा पानी तुमच्या तोंडात हाय."
मला ते ओळखता येते का, याची खात्री नाही. पाहू, म्हणालो.

२८ फेब्रुवारी, शनिवार
टेम्पो आला. मेंब्रेन ओले असतानाच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले. ती पिशवी बाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतली. "उद्या मशीन जोरतंय. येताव ना?" टेम्पो सुरू झाला होता; माझे 'येतो' त्यांना ऐकू गेले की नाही, सांगता येत नाही.
गाळा झाडला. ओली फरशी पुसली. दाराला कुलूप लावले व किल्ल्या जयंतीभाईंना परत दिल्या.