मीडियम साइजची बाई

३ मार्च
कंबर साडेचौतीस! टेप मेली खोटं बोलत नाही. कंपनीतल्या नव्या मॅडमना बत्तीस हवी. ‘‘आपला ब्रँड तरुण दिसायला हवा, ताई.’’ अठ्ठावीस तारखेला नव्या शर्टाचं माप ठरणार. बत्तीस भरली तर शर्ट माझ्या अंगावर बेतणार, नाहीतर बाहेरून मुलगी आणणार.
भरणार. बघतेच!

५ मार्च
पहाटे पाच किलोमीटर चालले. पाय बोलायला लागलेत. नवरा म्हणतो, ‘‘मीडियमबाई, वाऱ्याने उडाल हं!’’ त्याला काय जातंय चेष्टा करायला.

९ मार्च
रविवार. भूक विसरायला लिहीत बसलेय.
वीस वर्षांपूर्वी कंपनीचं दुकान एकच होतं आणि मी पॅकिंगला. कपडे जाडजूड, कामावर घालायचे — फाटायचं नाव नाही, पण दिसायलाही धड नाहीत. बायकांचे शर्ट काढायचं ठरलं तेव्हा कटिंगमास्तरांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून टेप लावली. माझ्यापाशी थांबले. ‘‘सापडली! हीच आपली मीडियम.’’ तेव्हापासून प्रत्येक नवा शर्ट आधी माझ्या अंगावर. मी हात वर करायचे, वाकायचे, बसायचे आणि सांगायचे — काखेत ओढतंय, पाठीत फुगतंय. मास्तर चिडायचे, पण उसवायचे.
पुढे कॉलेजची पोरं गिऱ्हाईक झाली, छातीवर अक्षरं आली, पाटी तीनदा बदलली. आता एकाहत्तर दुकानं, आणि पोस्टरवर रुसून बसलेल्या पोरी. माप मात्र माझंच! रस्त्यात कुणी आमचा शर्ट घातलेली दिसली की ती मला ओळखीची वाटते. हे मी सहजासहजी सोडायची नाही.

१७ मार्च
तेहेतीस. जिन्यात चक्कर आली. कुणाला सांगितलं नाही.

२८ मार्च
बत्तीस!! मॅडमनी स्वतः टेप धरली. जीव भांड्यात पडला.
मग शर्ट घातला. हात वर करायला गेले — खांद्याच्या वर जाईचना. काखेत करकचून धरलं होतं. ‘‘कसं वाटतंय?’’ मॅडमनी विचारलं. मास्तर तोंडात टाचण्या धरून माझ्याकडे बघत उभे.
‘‘छान,’’ म्हटलं मी.
मास्तरांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

२९ मार्च
आता खायला मोकळी, तर घास घशाखाली उतरत नाही. लाज वाटते. इतकी वर्षं पगार काय कंबरेचा मिळत होता? सोमवारी कटिंग — चाळीस हजार शर्ट.

३१ मार्च
कापडाचे थर टेबलावर पसरले होते. मशीन सुरू व्हायच्या आत मॅडमना गाठलं. ‘‘मी खोटं बोलले. या शर्टात वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता यायचा नाही.’’
मॅडम लालबुंद. ‘‘तेव्हा का नाही बोललात?’’
‘‘काम जाईल म्हणून.’’
‘‘आणि आता?’’
‘‘आता जाऊ दे.’’
कटिंग थांबलं. मला परत पॅकिंगला धाडलं. दुपारी डबा चाटूनपुसून संपवला. रडूही आलं, खोटं कशाला लिहू!

११ एप्रिल
मॅडमनी पॅकिंगमधून बोलावून घेतलं. नवी मुलगी शर्ट घालून उभी होती, जेमतेम विशीतली. ‘‘कसं वाटतंय?’’ ‘‘छान,’’ ती पटकन म्हणाली. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग टेप माझ्या हातात दिली.
‘‘ताई, तुम्ही विचारा.’’