सहाच्या सहा लिंबूटिंबू

शनिवार, ३ ऑक्टोबर

हरेल! जिंकेल नाही — हरेल त्याच्याकडे बाबा! दादाच्या तोंडचे शब्द आहेत हे. सख्ख्या भावाच्या. आणि मागे वहिनी हसत होती, ते मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं.

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या सोमवारी सोडतो, पण बाबा एकटे राहतात, तर कोणाकडे जाणार ते ठरवून ठेवा. ते ठरवायला वॉर्डच्या दाराशी उभं राहून दादाला फोन केला. म्हटलं, मी नेते. तर म्हणतो, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट नाही, काही नाही. चढवणार कसे, दोरीने?" बरं, मग तुझ्याकडे? "आम्ही दोघंही कामावर. दिवसभर बघणार कोण?" मग स्वतःच तोडगा काढला. "असं करू. गुरुवारपासून स्पर्धा आहेच. हरेल त्याच्याकडे बाबा. उगाच भांडण नको."

भांडण नको म्हणे! "हरेल त्याच्याकडे बाबा?" मी अशी ओरडले की औषधांची गाडी ढकलणारी सिस्टर जागीच थांबली. आणि ओरडण्याच्या भरात काय बोलून बसले — "चालेल! बघतेच तुला!"

काय चालेल? बाबा म्हणजे काय खेळातली शिक्षा आहेत?

रविवार, ४ ऑक्टोबर

अजून धुमसतेय.

आमच्या सात पिढ्यांत कोणी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. आई गेल्यावर बाबांना टीव्हीवर गोल्फ सापडलं. हिरवंगार मैदान, कोणी आरडाओरडा करत नाही, समालोचकसुद्धा कुजबुजतो. मग दादाने फोनवरचा तो खेळ लावून दिला. स्पर्धेतले सहा खेळाडू आपण निवडायचे. खऱ्या मैदानावर ते जितके वर येतील तितके गुण आपल्याला. आम्ही तिघंच खेळतो. त्यात बाबांचा एक नियम — सहातले किमान दोन यादीच्या तळातले हवेत, ज्यांना कुत्रं विचारत नाही असे. बाबा त्यांना लिंबूटिंबू म्हणतात. "वरचे चार कोणीही निवडेल. लिंबूटिंबू निवडायला अक्कल लागते." दर स्पर्धेला तिघांचे फोन होतात, एकमेकांच्या लिंबूटिंबूंची टर उडवतो. एरवी दादा आणि मी बोलतो तरी कुठे?

त्याच खेळात बाबांनाच पणाला लावलं. निर्लज्ज!

सोमवार, ५ ऑक्टोबर

आज दातांच्या लॅबमध्ये एक दाढ इतकी घासली की टोपीला आरपार भोक पडलं. सुपरवायझर शेजारी येऊन उभे. "बाई, दात कोणाचा आणि राग कोणावर?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. पुन्हा मेणापासून सुरुवात. दिवसभर टेबलावर कवळ्या मांडलेल्या, सगळ्या दात विचकून माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं.

पण घासता घासता एक ठरलं. मी हरणार. मुद्दाम.

मला बाबा हवेत का? हवेत. आणि खरं लिहायचं तर नकोही आहेत — तो जिना, सकाळची धावपळ, कामावर असताना जीव टांगणीला. भीती वाटते. पण दादाकडे ते हरल्याची शिक्षा म्हणून जाणार, रोज सकाळी त्याचं तोंड बघणार. त्यापेक्षा माझ्याकडे येऊ देत. माझ्याकडे आले तर निदान मला हरल्यासारखं वाटणार नाही. हा फरक त्या गाढवाला जन्मात कळायचा नाही.

सरळ फोन करून सांगता येईल, पैज रद्द, मीच नेते. येईल की! आणि मग उरलेलं आयुष्य "तूच म्हणाली होतीस" हे ऐकत बसू?

बुधवार, ७ ऑक्टोबर

संघ लागला. नियम काय म्हणतो? किमान दोन तळातले. किमान! सहाच्या सहा घेऊ नयेत असं कुठे म्हटलंय?

यादी खालून वर वाचत गेले. एक लंगडतो. एकाने वर्षभर कुठे काही केलेलं नाही. एक इतका नवखा की त्याचा फोटोसुद्धा नाही, नुसती करडी सावली. एक जाड्या. एक तोंडात सतत काहीतरी चघळणारा. आणि आजोबा — पांढऱ्या मिशा, कमरेला पट्टा, जुन्या कुठल्या तरी विजयामुळे अजून बोलावतात बिचाऱ्याला. असा भिकार संघ आजवर कोणी लावला नसेल. मला स्वतःचा अभिमान वाटला.

संध्याकाळी बाबांकडे गेले. फिजिओवाली पोरगी त्यांच्या पलंगावर बसून त्यांच्या फोनवर बोटं चालवत होती. बाबा तिला सांगताहेत, "हा. नाही, त्याच्या खालचा. हां, हाच." मी डोकावले तर फोन उशीखाली. "प्रतिस्पर्ध्याला संघ दाखवत नसतात." ती पोरगी तोंड दाबून हसत होती. यांना बरं सुचतंय! इकडे यांचा सौदा चाललाय आणि हे लिंबूटिंबू निवडताहेत! रडू आलं. बाबांनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, धूळ. हॉस्पिटलात कसली धूळ?

गुरुवार, ८ ऑक्टोबर

सहापैकी पाच तळाला! आजोबांचे दोन बॉल तळ्यात! असंच चालू दे.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

वारा. मेला वारा सुटला!

माझ्या सहांतले चौघं सकाळीच खेळून मोकळे झाले. तेव्हा पान हलत नव्हतं. दुपारी सगळे नामांकित मैदानावर उतरले आणि वाऱ्याने त्यांची दाणादाण उडवली. एकाचा बॉल प्रेक्षकांतल्या बाईच्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवसाअखेर निम्मे लोक घरी पाठवतात, त्यात दादाचे तीन हुकमी एक्के गेले. आणि माझे? चार राहिले! लंगड्या तर पहिल्या विसात. अरे, पाय दुखतो ना तुझा? बस की घरी!

दादाचा मेसेज — "झकास निवड!" आणि टाळ्या. टाळ्या वाजवतोय! फोन भिंतीवर मारणार होते.

शनिवार, १० ऑक्टोबर

आज सुट्टी, दिवसभर वॉर्डात. बाबांच्या पलंगासमोरच टीव्ही. आजोबा आघाडीवर. हो, आजोबा! मिशांना पीळ देत एकेक फटका असा मारतात की बॉल भोकाच्या वासावर गेल्यासारखा. मला राहवेना. "पाण्यात मार! पाण्यात मार म्हणते ना!" सिस्टर धावत आली. बाबा खो खो हसायला लागले, मग खुबा धरून "आई गं, आई गं," तरी हसणं थांबेना. "अगं, तुझाच ना तो?"

माझाच. तेच तर दुखणं आहे.

फिजिओवाली काहीतरी दाखवत होती — बाबा नुसत्या काठीने टोकापर्यंत जाऊन आले, चार पायऱ्या चढले, उतरले. मी हो हो म्हटलं. लक्ष सगळं टीव्हीकडे. बाबांनी विचारलं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून देणारा कोणी माहीत आहे का? म्हटलं, बघू नंतर. माझ्या न्हाणीघरात दांडा बसवला तर माणूस मावायचा नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

जिंकले. सत्यानाश!

आजोबा दुसरे आले. लंगड्या आठवा. जाड्याने शेवटच्या दिवशी अशी मुसंडी मारली की समालोचक कुजबुजायचं विसरला. निकाल उघडला — सगळ्यात वर माझं नाव, खाली दादा. पुढचं बघवलं नाही, बंद केला.

दादाचा फोन. मला वाटलं कुरकुर करेल. तर म्हणतो, "म्हणजे माझ्याकडे. खालची खोली रिकामी करतो." आवाज असा की तेराव्याची तयारी करतोय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, अजिबात न्यायचं नाहीस त्यांना! मी हरायला बसले होते, मुद्दाम, सहाच्या सहा टाकाऊ घेऊन!

"मुद्दाम? मग तोंडाने सांगायचं होतंस!"

"तू 'हरेल' म्हणालास!"

"थट्टा केली मी! तूच म्हणालीस चालेल!"

असं बराच वेळ. आईपासून सगळं निघालं. शेवटी दादा म्हणाला, "मी नाही म्हणत होतो कारण मला भीती वाटते. आई पडली तेव्हा घरात मी एकटाच होतो. पुन्हा तसं झालं तर?" हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, "तरी तुझा जिना मूर्खपणाच आहे," आणि आम्ही पुन्हा तुटून पडलो. फोन मीच आपटला. काहीही ठरलं नाही. उद्या दोघंही जाणार आणि वॉर्डात तमाशा होणार.

सोमवार, १२ ऑक्टोबर

गेलो तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून, बूट चढवून पलंगावर बसलेले. आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आधी निकाल वाच. मोठ्याने. पार खालपर्यंत."

पहिली मी. दुसरा दादा. तिसरे बाबा — शून्य.

शून्य कसं? उघडून पाहिलं. स्पर्धेतून बुधवारीच माघार घेतलेले सहा जण त्यांनी शोधून शोधून घेतले होते. पाठ, मनगट, गुडघा, एकाच्या बायकोला बाळ झालेलं. सहातल्या एकानेही बॉलला काठी लावलेली नाही.

"हरायचं कसं ते तुम्हाला जमलं नाही," बाबा म्हणाले. "वॉर्डाच्या दाराशी ओरडत होतीस ना, सगळ्या पलंगांनी ऐकलं. हरेल त्याच्याकडे बाबा. हरलो मी." काठी टेकून उठले. "चला, मला माझ्याकडे सोडा."