डंपरवाल्याची बुटकी गाडी

बालाघाट,
१८ मे

आदरणीय बाबूलाल उस्ताद,

धाकट्या महागूचा तुमाले अन् गोदावहिनीले जय भीम. तुमचा गुडघा आता वाकते का, अन् वाकला तर सरळ होते का, ते पहिले कळवा. वहिनीची शुगर, अंकितची नोकरी, तुमसरचा उन्हाळा, सगळ्याची खबर पाहिजे. आमच्याकडं सगळे बरे आहेत. (बरे म्हणजे चालत-बोलत आहेत. शेवंता जरा जास्त बोलून राह्यली, त्याचं कारण खाली येते.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुमी मधातच हासता अन् मंग मले पुढचं सुचत नाई, म्हणून कागद घेतला.

माह्या भाच्याच्या, मोहितच्या, लग्नाले तुमाले येता आलं नाई. पण तिथं काय झालं त्याची खबर तुमसरले पोचलीच असंल, कारण कटंगीवरून तुमसरची बस रोज जाते अन् बसमंदी लोकाइले दुसरं काम नसते. लोकं मीठ-मसाला लावून सांगतील. खरं काय झालं ते मी लिहितो, अन् खऱ्यातही माही इज्जत फारशी वाचत नाई.

गाडीपासून सुरू करतो. एकतीस वर्सं मी मलाजखंडच्या खाणीत डंपर चालवला, त्यातले पहिले सहा महिने तुमच्या शिव्या खाऊन. शिडी चढून केबिनमंदी बसलं का खालचा सुपरवायझर डब्यातल्या चण्याएवढा दिसे. उंची भल्ली, पण चाल? भरल्या डंपरची चढावरची चाल म्हणजे म्हशीची. एकतीस वर्सांत मी कोणालेच ओव्हरटेक केलं नाई, तसा नियमच होता. रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, बालाघाटले घर बांधलं, पण पहाटे पाचले उठून बूट शोधाची सवय गेली नाई. शिफ्ट नाई, ब्लास्टिंगचा सायरन नाई. शेवंता म्हणे, बाजारातून मेथी आणा. मी मेथी आणो अन् पुन्हा खुर्चीवर बसो. असे सात महिने मेथी खाल्ल्यावर मी चष्म्यासाठी नागपूरले गेलतो, अन् तिथं एका डॉक्टरच्या बंगल्यापुढं ही गाडी उभी दिसली.

पिवळीधम्मक. दोन दरवाजे, दोन सीटा, उंची माह्या कमरेएवढी. विदेशी, रेसच्या जातीची, सात वर्सं वापरलेली. डॉक्टर हाडाचे होते. मी इचारलं, "एवढी देखणी गाडी काहून विकता?" ते म्हणाले, "कमरेसाठी." मले वाटलं, कोण्या पेशंटच्या कमरेसाठी. (आता समजलं, कोणाच्या ते.) मंग त्याइनं गाडी सुरू केली. उस्ताद, तो आवाज! खाणीच्या पिटमंदी तीन डंपर एकदम सुरू झाल्यावानी, पण गोड. सात महिन्यापासून छातीत काईतरी हललेलं होतं, ते जागेवर जाऊन बसलं. पैशाचं मी इथं लिहीत नाई, ते शेवंता तोंडी सांगत असते, अन् तिचा आवाज हवा असली तर तुमसरलेही ऐकू येत असंल.

पहिल्या दिवशी गल्लीतले सगळे जमा झाले. शेजारचे वसंताभाऊ म्हणाले, इंजन दाखव. मी ऐटीत समोरचं झाकण उघडलं. आतमंदी काईच नाई! नुसती रिकामी जागा, दोन थैल्या मावतील एवढी. वसंताभाऊ खाली वाकले, पाहिलं, अन् हळूच म्हणाले, "महागू, डॉक्टरनं इंजन काढून घेतलं वाटते." मीही घाबरलो. नागपूरपासून दोनशे किलोमीटर मी काय चालवत आणलं मंग? शेवटी वसंताभाऊच्या नातवानं मोबाईलमंदी पाहून सांगतलं का या जातीत इंजन मागं असते. तरी दोन दिवस लोकं येऊन मले सांत्वन देत होते.

अन् बसणं-उतरणं! डंपरमंदी मी चढत होतो, हिच्यात पडतो. आंघोळीच्या पाटावर बसल्यावानी बसा लागते. उतराच्या वेळेस एक पाय बाहेर काढाचा, मंग विचार कराचा, मंग शेवंताले हाक माराची. ती दोन्ही हात धरून ओढते, अन् ओढता ओढता काय म्हणते ते लिहाच्या लायक नाई. पण खरी कामाची तीच. रस्त्यावर ब्रेकर आला का ती उतरते, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहते अन् हात हालवते, "तिरपी घ्या... थांबा... चार बोटं उरले... या आता." आमच्या घरापासून वारासिवनीपर्यंत सव्वीस ब्रेकर आहेत. सव्वीस वेळा ती उतरते. मागच्या गाड्यावाले हॉर्न वाजवतेत, तर त्याइलेही ती पाहून घेते. चौकात गाडी उभी केली का पोट्टे येतेत, "चच्चा, एव्हरेज कित्ता देती है?" खरा आकडा सांगतला तर माह्या खांद्यावर हात ठेवून जातेत. बैहरच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं, तवा समजलं का गाडीले स्टेपनीच नाई. टायर नागपूरवरून बोलावला, तो बसनं आठव्या दिवशी आला. आठ दिवस गाडी पंक्चरवाल्याच्या झोपडीपुढं विटांवर उभी, अन् मी रोज बसनं जाऊन तिच्याजवळ बसून राहो. दवाखान्यात माणूस भरती असल्यावानी. पंक्चरवाल्याची बायको मले चहा दे अन् इचारे, "आज कैसी है?"

पण सगळंच वाईट नाई, उस्ताद. जानेवारीतली एक सकाळ सांगतो. शेवंता शेजारी, रस्ता कोरडा, दोन्हीकडं कापलेल्या धानाचे बांध, समोर एक कोस सरळ डांबर अन् त्यावर कुत्रंसुद्धा नाई. मी पाय दाबला. दहा आकडे मोजशान एवढाच वेळ. रस्ता आमच्याकडं धावत आला, झाडं मागं गेले, अन् शेवंता हासली. लग्नाले छत्तीस वर्सं झाले, असं हासलेलं मी ऐकलं नव्हतं, लहान पोरगी झोपाळ्यावर हासते तसं. मंग लगेच तिनं पदर सावरला अन् म्हणाली, "मराचं आहे का? हळू चालवा." मी हळू चालवली. पण मी ऐकलं होतं.

आता लग्नाचं. बहिणीचे मालक भोजराजजी तुमाले माहीत आहेत, मान-पानाचा माणूस. त्याइनं जिद्द धरली, नवरदेव मामाच्या पिवळ्या गाडीतूनच मांडवात येईल. नवरीचं, समीक्षाचं, गाव कटंगीच्या अलीकडं. बाकी वऱ्हाड बसमंदी, गाडीत मी अन् मोहित. शेवंता बायकांसोबत बसमंदी बसली, अन् चूक तिथंच झाली. गावाच्या तोंडाशी डीजे सुरू झाला, वऱ्हाड नाचाले लागलं, अन् समोर नळाच्या पाईपासाठी रस्ता खोदून वरून मातीचा ढीग टाकलेला. मी थांबलो. नाचणारे ओरडले, "निकल जाएगी चच्चा, आने दो!" शेवंता असती तर खाली वाकली असती. मी आने दिलं.

गाडी ढिगाच्या मधोमध पोटावर बसली. समोरचे चाकं हवेत, मागचे फिरतेत पण धरत नाईत. मी जोर देला तशी सगळी माती उडून डीजेवर अन् वऱ्हाडावर. दरवाजे मातीले टेकलेले, उघडत नाईत. मोहितचा फेटा खिडकीतून बाहेर अन् मोहित आत. सोळा माणसं उचलाले आले, पण त्या गाडीले धराले जागाच नाई, सगळीकडून घसरते. भोजराजजी लाल झाले. नवरदेव खिडकीतून ओढून काढू म्हटलं तर म्हणाले, "माहा पोरगा खिडकीतून निघणार नाई. इज्जत आहे." तिकडं मांडवात भंतेजी घड्याळ पाहून राह्यले, त्याइले चार वाजता दुसऱ्या गावचं लग्न लावाचं होतं. अर्धा तास गेला. नवरीकडचे म्हणाले, सडक पाहून चालवाची होती. आमच्याकडचे म्हणाले, सडक ठेवाची होती. दोन-तीन बाह्या वर झाल्या. अन् मी आत बसलेलो, स्टेअरिंग धरून. एकतीस वर्सांत एक ओरखडा नाई, अन् भाच्याच्या लग्नात मी मातीच्या ढिगावर तराजूवानी डुलून राह्यलो. खरं सांगतो, उस्ताद, तवा मले वाटलं, जमीन फाटावी. पण जमीन तर पहिलेच फाटलेली होती.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. चालवणारी कोण? समीक्षा. पांढरी साडी, हातभर मेंदी, पदर कमरेले खोचलेला, वरून बापाचा गमछा. बापाची धानाची शेती तीच ट्रॅक्टरनं करते, हे आमाले नंतर समजलं. डीजे बंद झाला. भोजराजजी म्हणाले, "नवरी मांडवातून उठून आली, हे बरं दिसते का?"

"भंतेजी निघून गेले, तर ते बरं दिसंल का, बाबाजी?" ती बोलली, अन् उतरून सरळ माह्या खिडकीशी आली. "मामाजी, टोचनाचा हूक कुठं आहे?"

मले माहीतच नव्हतं! तिनं समोरचं झाकण उघडलं, चटईखालून एक लोखंडी कडी काढली, बंपरची एक टिकली उचकटली अन् कडी पेचानं बसवली. कोणाची गाडी अन् कोण शिकवते! मंग साखळी लावली अन् मले म्हणाली, "न्यूट्रलमंदी टाका. हँडब्रेक काढा. स्टेअरिंग सरळ धरा. मी हात करीन तोपर्यंत काईच करू नका." मी म्हटलं, "हौ." दुसरं काय म्हणणार?

एका दमात गाडी खाली आली. मोहितकडं पाहिलं, तर तो हासून राह्यला. चिडून नाई, चांगल्या मनानं. म्हणते, "मामाजी, माहं भलं झालं वाटते." मांडवापर्यंत आमी साखळीवरच गेलो, समोर ट्रॅक्टरवर नवरी, मागं नवरदेव. डीजे पुन्हा सुरू झाला अन् लोकं पहिल्यापेक्षा जास्त नाचले. भोजराजजी रुसून बाजूनं पायी चालत होते. समीक्षानं ट्रॅक्टर हळू केला अन् म्हटलं, "बाबाजी, उन्हात काहून चालता? मडगार्डवर बसा." ते दोन मिनिटं बसले नाईत. मंग बसले. मांडवाशी पोचलो तवा ते फेटा सावरून लोकाइले हात दाखवत होते. भंतेजींनी लग्न वेळेत लावलं.

मी जेवाले गेलो नाई. गाडीचा खालचा पत्रा लोंबत होता, तो तारेनं बांधत बसलो. मले तोंडावर कोणी हासलं नाई, हेच जास्त लागलं. शेवंता ताट घेऊन आली, माह्याजवळ मातीत बसली. मले वाटलं, आता सुरू होईल. तिनं एवढंच म्हटलं, "जेवा. गाडीले काई नाई झालं, तुमालेही काई नाई झालं." मी जेवलो.

पण मी ठरवलं आहे, उस्ताद. ही गाडी आपल्या कामाची नाई. तुमसर-भंडाऱ्याकडं कोणी शौकीन गिऱ्हाईक असलं तर नजर ठेवा. माह्या नावातच महाग आहे, तेवढं पुरे. वहिनीले जय भीम, अंकितले आशीर्वाद.

तुमच्या हाताखालचा,
महागू

ता. क. गिऱ्हाईक पाहाल तर असं पाहा का जो रोज सकाळी गाडी पुसंल, जुन्या बनियननं, टॉवेलनं नाई. ब्रेकरवर उतराले ज्याच्या घरी कोणी असंल. ज्याच्याकडं बकऱ्या नसतील, एवढी बुटकी गाडी दिसली का त्या टपावर चढतेत. अन् पन्नाशीच्या आतला नको, त्याले कदर नसते. असा माणूस भेटला नाई, तर जबरदस्ती नाई.

दुसरं ता. क. खरं लिहितो. गिऱ्हाईक नाई पाहिलं तरी चालंल. अंकितचा फोन आलता. म्हणाला, बाबा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहतेत, जेवाले उठा म्हटलं तर उठत नाईत. तुमी मले सकाळच्या शिफ्टले दरवाजा ठोकून उठवत होते, ते दिवस मले आठवतेत. पंधरा दिवस इकडं या. गाडी पाहाले नाई, चालवाले. क्लच नाई हिले, डाव्या गुडघ्याले कामच नाई. जानेवारीतला तो सरळ रस्ता मी दाखवतो. मी बाजूले बसीन अन् चूप राहीन.

तिसरं ता. क. भाऊजी, मी शेवंता. पत्र डाकेत टाकाले माह्याजवळ देलं, मी उघडून वाचलं. गिऱ्हाईक-फिरहाईक आणू नका. पाच महिन्यापासून मी बचत गटाची मीटिंग सांगून मोटर ट्रेनिंगले जाऊन राह्यली. लायसन मंगळवारी आलं, ते तांदळाच्या डब्यात आहे, त्याइले अजून सांगतलं नाई. तुमी या, नक्की या, पण गोदावहिनीले घेऊन या. तुमी दोघं ओसरीत बसून खाणीच्या गोष्टी करा, मी शेवभाजी करून ठेवीन. गाडीत आमी दोघी बैहरपर्यंत जाऊन येऊ. वहिनीले सांगा, साडी नको, सलवार सूट आणा, उतरताना सोपं जाते.