पालीचं तोंड

३ फेब्रुवारी, मेदान
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
विभागप्रमुख गिंतिंगबाई म्हणाल्या, गोर्गा शिकायला मुलं येत नाहीत. या सत्रात डिजिटल पाठ तयार करा, नाहीतर विषय बंद. आम्हा बाताक लोकांच्या घरांवरचं लाल-पांढरं-काळं कोरीवकाम, आणि बंद? मी असेपर्यंत शक्य नाही. महिन्याभरात पाठ तयार करतो. पहिल्या पानावर नाव माझं एकट्याचं, ठळक.

५ फेब्रुवारी
डिझायनर मिळाला. तोगू मानुरुंग. माझ्या मुलाच्या वयाचा. कडक वागायचं ठरवून गेलो. पण आमच्यात ओळख म्हटली की आधी कूळ. मीच विचारलं, पिढ्याही मीच मोजल्या. निघाला माझ्या आईच्या कुळातला, म्हणजे नात्याने मामा! आणि मामा वयाने कितीही लहान असो, त्याचा मान देवासारखा. उठून खुर्ची दिली.

१८ फेब्रुवारी
मामांकडून काही नाही. तगादा लावायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून रीतीप्रमाणे डुकराचं मटण नेलं. मामा जेवायला बसले. जेवत्या माणसाला काय विचारायचं?
बायको म्हणाली, काम त्यांनी लटकवायचं आणि ताट आपण वाढायचं, छान आहे. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

६ मार्च
आज फाइल येणार होती. मासा आला. आख्खा, मसाल्यात शिजवलेला, मामांच्या आशीर्वादासकट: भाचेसाहेब, हाती घेतलेलं तडीस जावो. डोळे भरून आले. फाइल उद्या.

२ एप्रिल, दुपारी
फाइल आली! झकास. फक्त पहिल्याच पानावर पालीचं तोंड उलट्या बाजूला. घराच्या दर्शनी भागावर कोरलेली पाल असते आणि आईचे स्तन असतात. पाल स्तनांकडेच बघते. कुठेही भटक, तोंड आईकडे ठेव. आमच्या समोसीर बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल.
मामांना फोन केला. पावसापाण्यावर बोललो.

९ एप्रिल
आज स्पष्ट बोललो. पाल छान आलीय हं, म्हणालो, सूचक आवाजात. मामा म्हणाले, आवडली ना, मग झालं तर.
विचार केला तर बाहेर बघणारी पाल जास्त आधुनिक आहे. जगाकडे बघते. मुलांना भिडेल.

२३ एप्रिल
सादरीकरण. परीक्षक म्हणून बालिगे गावचे एक म्हातारे बाताक गृहस्थ. पहिलं पान बघून हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट. हे कोणाचं काम, त्यांनी विचारलं. गिंतिंगबाईंनी नाव वाचून दाखवलं. एकट्याचं. ठळक.

२४ एप्रिल
विषय बंद. पुढच्या सत्रापासून माझ्याकडे परीक्षेची देखरेख. वर्गातून माझे नमुन्याचे लाकडी तुकडे घरी आणले. फार वाईट वाटतंय.
संध्याकाळी मामा समाचाराला आले. म्हणाले, अहो भाचेसाहेब, मला वाटलं ती पाल तुम्ही मुद्दामच तशी ठेवलीत. प्राध्यापक तुम्ही. एका शब्दाने बोलायचंत, तिथल्या तिथे फिरवली असती.
मी म्हणालो, मामांना चूक कशी दाखवायची?
बायकोने कॉफी आणली. साखर कमी आहे, हे मात्र मामांनी पहिल्याच घोटाला सांगितलं.
मी उठून घातली.