तेरोल्देगो आणि अंगणातली वेल

त्रेन्तो, इटली
२८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आप्पांस,
भक्तीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं बारीक पडतात, म्हणून पुन्हा पत्रच. वर्षभर ज्या द्राक्षाच्या मळ्यात राबतेस ते द्राक्ष आहे तरी कसं, असं तुम्ही विचारलंत. नाव तेरोल्देगो. हा भाग सोडला तर इटलीतही फार थोड्यांना ठाऊक. सुरुवातीला मला ते आवडलंच नाही. काळं आणि तुमच्यासारखं घुमं. मग एकदा, तुमच्या गळ्यातल्या माळेची क्षमा मागून, त्याची वाइन घोटभर घेतली. जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ रंगली आणि शेवटी जरासा कडवटपणा राहिला. आता दुसरी कुठली गोड लागत नाही.

आपल्या अंगणातल्या वेलीसारखी इथेही वेल मांडवावरच चढवतात. फक्त थंडीत ती सगळी पानं टाकून झोपते आणि तेव्हाच तिची छाटणी होते.

डिसेंबरात करार संपला की आणखी दोन वर्षं राहा, असं मालक म्हणतात. आई गेल्यापासून घरात तुम्ही एकटे. मी काय करू ते कळवा. जेवणाची हेळसांड करू नका, आणि माया असू द्या.

तुमची,
भक्ती

पिंगळी, जि. परभणी
२६ ऑक्टोबर २०२५

चि. भक्तीस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू आणखी दोन वर्षं तिकडं खुशाल राहा. शेजारच्या गीताबाईंनी दिवाळीचा फराळ भरपूर पाठवला, अजून संपला नाही.

तुझ्या घुम्या द्राक्षाची लय गंमत वाटली. यंदा मी दसरा झाला तरी अंगणातली वेल छाटली नाही. म्हटलं, तिकडची झोपणार तर हिनंही झोपावं, दोघींचं एका वेळी चालावं. पण ही काही पानं टाकायला तयार नाही. आप्पा औंदा द्राक्षं देणार न्हाईत का, म्हणून गीताबाई विचारायल्यात. मी सांगितलं की ही इटलीची पद्धत आहे.

थंडीचे कपडे घालत जा. पत्राची वाट पाहतो.

आप्पा

त्रेन्तो
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही राहा म्हणालात ते वाचून मी रडले. मला वाटलं होतं, तुम्ही ये म्हणाल. मग वेलीचं पुन्हा नीट वाचलं. आप्पा, आपल्याकडची वेल झोपत नाही आणि दसऱ्यानंतर छाटली नाही तर तिला घड धरत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंय. घरात पाहुणे बसलेले असतानाही तुम्ही कैची घेऊन शिडीवर चढायचात आणि आई खालून ओरडायची. मग यंदाच असं कसं झालं?

मळे आता उघडेबोडके झालेत. रविवारी इथे माझं कुणाशी एक अक्षर बोलणं होत नाही. मालकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी तुम्हाला हवी असेन तर तसं सरळ लिहा. लोभ कमी करू नये.

भक्ती

पिंगळी
६ डिसेंबर २०२५

चि. भक्तीस आशीर्वाद.

वेल काल छाटली. उशीर झालाय, घड येतील न येतील.

तुझं तिथं चांगलं बस्तान बसलंय, ते माझ्यापायी मोडू नये म्हणून राहा लिहिलं. खरं म्हणजे मला करमत नाही. संध्याकाळी मांडवाखाली बसून वेलीशी मोठ्यानं बोलतो आणि माझंच मला ऐकू येत नाही.

तू ये.

आप्पा