लहान बॉम्ब म्हणजे केवढा

प्रिय शिवराज,

गेल्या पार्सलातली शेंगाचटणी पोचली का? यंदा तिखट जरा जास्त पडलंय, तुझ्या त्या पंजाबी मित्राला जपून दे. इकडं ऊन लई आहे. चादरीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे तुझे आप्पा घरी टीव्हीपुढं बसून असतात.

मागं तू फोनवर म्हणालास, अव्वा, अणुबॉम्ब दोघांकडं हाय, म्हणून तर कुणी टाकत न्हाय. मला पटलं. जाऊबाईंनाही तसंच सांगितलं, जरा ऐटीतच. मग परवा टीव्हीवर कुणी साहेब म्हणाले, आता लहान बॉम्बही असतात. मी घाबरले, तर आप्पा म्हणाले, अगं, तो शहरावर न्हाय पडत. आपले रणगाडे त्यांच्या हद्दीत शिरले, तर त्यांनी तेवढ्यांवरच टाकायचा. सोलापूरला काय होत न्हाय. मला बरं वाटलं, खरं सांगते. त्यांना एक भाकरी वाढली. दुसरी थापताना हात थांबला. रणगाड्यात तर तू असतोस की.

तेव्हापासून डोकं चालत नाही. वापरायचाच नाही, तर लहान कशाला केला? आपल्याकडं कोयता माळ्यावर असतो, वर्षातून एकदा खाली येतो. विळी हाताशी असते, ती रोज चालते. आणि एकानं लहान टाकला, तर दुसरा काय म्हणणार, लहानच आहे, जाऊ दे? आप्पांना विचारलं तर चिडले, तुला यातलं कळत न्हाय म्हणाले. नाहीच कळत. त्यांना तरी कुठं कळतंय, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवतात.

आणखी एक. काल देवघर पुसताना तुझं इष्टलिंग सापडलं, चांदीच्या डबीसकट. तू जन्मलास तेव्हा मठाच्या अय्यांनी गळ्यात बांधलेलं, आंघोळीलाही कधी उतरवलं नव्हतंस. मला वाटलं, विसरलास. मग वाटलं, पोरगं पलटणीत जाऊन पूजेशिवाय जेवायला लागलं. तुझ्या नावानं लई बोलले. आप्पा ऐकत होते, आणि एकदम रडायला लागले. सुट्टीवरून निघताना तूच त्यांच्या हातात दिलंस म्हणे, अव्वाला सांगू नका म्हणून.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. तुझं काहीच हाती आलं नाही, तर आम्हाला पुरायला निदान हे असावं, एवढा पुढचा विचार तू केलास. म्हणजे फोनवर मला जे सांगितलंस, त्यावर तुझाच विश्वास नाही. मग मी कशावर ठेवू? पण हे मी घरात ठेवून घेणार नाही. याच पार्सलात आहे, तुझ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं. गळ्यात घाल, आणि तुझं तू घेऊन घरी ये.

तुझीच,
अव्वा